अनोळखी मृतदेह कुठला? दात, केस आणि हाडांतल्या आयसोटोपवरून माग काढण्याची पद्धत, पायरीपायरीने

'अनोळखी इसम, वय अंदाजे ३५ ते ४०, उंची ५ फूट ५ इंच, बांधा सडपातळ, रंग सावळा, नेसणीस निळी पँट.' पोलीस ठाण्याच्या फलकावर किंवा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ही भाषा आपण सगळ्यांनीच वाचली आहे. या वर्णनात बसणारी हजारो माणसं निघतील. ज्या एका प्रश्नाने शोध खरोखर आवळला असता, तो या वर्णनात नसतो: हा माणूस कुठला?

बोटांचे ठसे, दातांची नोंद, डीएनए या तिन्ही गोष्टींना जुळवायला समोर काहीतरी लागतं. ठसा कुठेतरी आधी नोंदलेला हवा, डीएनएसाठी आई, भाऊ, मुलगा असं कोणी पुढे यायला हवं. मयत बिहारचा असेल आणि हरवल्याची तक्रार समस्तीपूरच्या ठाण्यात पडून असेल, तर कल्याणला काढलेल्या डीएनएचा कागद तसाच फाइलमध्ये राहतो. स्थिर आयसोटोपची तपासणी कामाला येते ती इथे. ती नाव सांगत नाही. चौकशी कोणत्या दिशेला करायची, ते सांगते. म्हणूनच या कामात सगळ्यात मोठं नुकसान प्रयोगशाळेत होत नाही. ते त्याआधी, बेवारस मृतदेहाची विल्हेवाट लावताना, एक दात आणि केसांची एक बट बाजूला काढायची राहून गेली की होतं. हा लेख न्यायवैद्यक शास्त्राचे विद्यार्थी, शवागारात काम करणारे डॉक्टर आणि तपास अधिकारी यांच्यासाठी आहे. पण घरातलं कोणी हरवलेलं असेल, त्यांनीही तो वाचावा.

मुळात कशाच्या आधारे हे कळतं

एकाच मूलद्रव्याचे काही अणू किंचित जड असतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड प्रकारांना आयसोटोप म्हणतात. कार्बन-१२ नेहमीचा, कार्बन-१३ थोडा जड. नायट्रोजन-१४ आणि १५, ऑक्सिजन-१६ आणि १८, हायड्रोजनमध्ये साधा हायड्रोजन आणि ड्युटेरियम. हे किरणोत्सर्गी नाहीत, काळानुसार विरत नाहीत, म्हणून 'स्थिर'. जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण प्रत्येक पिकात, पाण्यात, खडकात थोडं वेगळं असतं. आपण जे खातो-पितो त्यातूनच शरीर बांधलं जातं, त्यामुळे ते प्रमाण शरीरात उतरतं.

हा फरक फार बारीक असतो. म्हणून तो टक्क्यांत न सांगता दर हजारी सांगतात आणि त्याला 'डेल्टा' मूल्य म्हणतात. एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत नमुना किती जड किंवा हलका, एवढाच त्याचा अर्थ. कार्बनचं मानक व्हीपीडीबी, नायट्रोजनचं हवा, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं समुद्राच्या पाण्यावर बेतलेलं व्हीएसमॉव. अहवालात मानकाचं नाव नसेल तर तो अंक निरुपयोगी समजा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे शरीराचा प्रत्येक भाग वेगळ्या काळाची नोंद ठेवतो. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं टणक आवरण, लहानपणी एकदा बनतं आणि पुन्हा बदलत नाही. पहिल्या मोठ्या दाढेचा माथा जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत बनतो, दुसरीचा अडीच-तीन ते सात-आठ वर्षांदरम्यान आणि अक्कलदाढेचा साधारण आठव्या वर्षानंतर किशोरवयात. मांडीच्या हाडात शेवटच्या दहा किंवा त्याहून जास्त वर्षांची सरासरी सापडते, बरगडीत त्याहून अलीकडची. बोटांची नखं महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतात, म्हणजे त्यांत शेवटचे सहाएक महिने असतात. डोक्याचा केस महिन्याला अंदाजे १ सेंटिमीटर वाढतो. २४ सेंटिमीटरची वेणी असेल तर मुळापासून टोकाकडे दोन वर्षांची डायरीच हातात असते.

पायरी १: आधी नेहमीचं काम पूर्ण करा

ठसे, छायाचित्रं, गोंदण, जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा, दातांचा तक्ता, वय-लिंग-उंचीचा अंदाज, डीएनएचा नमुना या सगळ्याचा क्रमांक आधी. ठशावरून ओळख पटली तर आयसोटोपचा खर्च करू नये. सांगाडाच हाती असेल तर तो माणसाचाच आहे ना आणि किती जुना आहे, हे आधी ठरवा. जुनेपणासाठी किरणोत्सर्गी कार्बन-१४ची चाचणी होते, ती या लेखातल्या पद्धतीपेक्षा वेगळी. १९६३ पर्यंत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता आणि त्यानंतर तो उतरत गेला. त्या काळात किंवा त्यानंतर जन्मलेल्याच्या इनॅमलवरून जन्मसाल साधारण दीड-दोन वर्षांच्या फरकाने काढता येतं. जन्मसाल आणि जन्मप्रदेश दोन्ही मिळाले तर हरवलेल्यांची यादी किती आखूड होते, याचा विचार करा.

पायरी २: नमुने काढणं

सर्वात जास्त वेळ इथे द्या, कारण इथली चूक पुढे कुणालाही सुधारता येत नाही.

दात: शक्य असेल तर दोन घ्या, एक पहिली किंवा दुसरी मोठी दाढ आणि एक अक्कलदाढ. पहिली दाढ बनते तेव्हा मूल अंगावर पीत असतं आणि आईच्या दुधामुळे ऑक्सिजनचं मूल्य थोडं वर सरकतं. त्यामुळे एकच दात घेता येणार असेल तर दुसरी दाढ बरी. कीड लागलेला, चांदी भरलेला, झिजलेला दात टाळा. डीएनएलाही दातच हवा असेल तर दोन्ही प्रयोगशाळांशी आधी बोलून घ्या. डीएनए आतल्या भागातून आणि मुळातून निघतो, आपल्याला हवं असतं वरचं इनॅमल. नीट ठरवलं तर एकाच दातात दोन्ही कामं होतात. न ठरवता आख्खा दात दळला तर आपल्या वाट्याला काहीच येत नाही.

केस: डोक्याच्या मागच्या बाजूची, उंचवट्याखालची, पेन्सिलीएवढी जाड बट. ती आधी मुळाजवळ पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधायची आणि मगच कवटीच्या त्वचेलगत कापायची. सडलेल्या देहावरून केस आपोआप सुटून येतात. त्या वेळी मुळाची बाजू कुठली, हे तिथेच ठरवून दोरा त्याच टोकाला बांधा आणि पंचनाम्यात एक ओळ लिहा: 'दोरा मुळाकडील टोकास बांधला आहे.' एवढी एक ओळ नसली की दोन वर्षांची डायरी उलटी वाचली जाण्याचा धोका असतो. एकदा माझ्याकडे पाठवलेली बट ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली होती. पिशवी उघडली तेव्हा आत काळी बुरशी आणि केसांचा गोळा होता, मूळ-टोक काहीही वेगळं करता आलं नाही. त्या मुलीचं वय वीसच्या आत असावं. ती पिशवी मी अजून विसरलेलो नाही.

नखं: दोन्ही हातांची आणि पायांच्या अंगठ्याची, वेगवेगळ्या पाकिटांत.

हाड: मांडीच्या हाडाच्या मधल्या भागाचा २-३ सेंटिमीटरचा तुकडा आणि एक बरगडी. कवटी मिळाली असेल तर कानाजवळचं टणक हाड सोडू नका. डीएनएसाठीही ते उत्तम असतं.

जळालेला देह: आग तीव्र असेल तर कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनची मूल्यं बिघडतात आणि त्यांवर विसंबता येत नाही. पण पूर्ण जळून पांढऱ्या, खडूसारख्या झालेल्या हाडात स्ट्रॉन्शियमचं (खडकातून माती आणि पिकांमार्फत शरीरात येणारं मूलद्रव्य, पायरी ७ पाहा) आयसोटोप-प्रमाण टिकून राहतं. त्यामुळे पांढरे तुकडे वेगळे काढा. काळे, अर्धवट जळालेले तुकडे त्यांत मिसळू नका.

काहीही फॉर्मेलिनमध्ये ठेवू नका. व्हिसेराच्या बाटल्यांची सवय हाताला लागलेली असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पायरी ३: वेष्टन आणि कागदपत्रं

केस, नखं, दात सावलीत, खोलीच्या तापमानाला पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घाला. लांब केस दुमडू नका, जाड कागदाच्या घडीत सरळ ठेवा. प्रत्येक पाकिटावर आकस्मिक मृत्यू नोंद क्रमांक, शवविच्छेदन क्रमांक, तारीख, शरीराचा भाग, डावा-उजवा आणि काढणाऱ्याची सही हवी.

कायद्याच्या बाजूने, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४). नमुना तपास अधिकाऱ्याच्या लेखी विनंतीवर काढावा, सीलचा नमुना सोबत जोडावा आणि मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची साखळी कुठेही तुटू देऊ नये. तज्ज्ञाचं मत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली वाचलं जातं. तिथे पहिला प्रश्न विज्ञानाचा येत नाही, पाकिटावरच्या सहीचा येतो.

देहाची विटंबना होणार नाही इतकंच घ्या. दात काढल्यावर ओठ मिटून ठेवा, केस अशा जागेचे घ्या की नातेवाइकांना चेहरा दाखवताना ते दिसणार नाही.

पायरी ४: प्रयोगशाळेत काय होतं

आपल्याकडे अशी उपकरणं मुख्यतः भूशास्त्र, हवामान आणि पुरातत्त्वाच्या संस्थांत आहेत. अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था ही त्यांतली ठळक नावं. न्यायवैद्यक प्रकरण पाठवण्याआधी संचालकांशी पत्रव्यवहार करून ते प्रकरण घेतील का, साक्षीला येतील का, हे लेखी घ्या.

दातापासून सुरुवात होते. पृष्ठभाग हिऱ्याच्या बारीक बरने (दात कोरायच्या फिरत्या टोकाने) खरवडून टाकतात आणि मग माथ्याच्या उभ्या दिशेने इनॅमलची चकती कापून आतलं पिवळसर डेंटिन काढून टाकतात. दिव्याखाली धरलं की फरक कळतो: इनॅमल काचेसारखं निळसर-पांढरं, डेंटिन मेणासारखं. ते पिवळं कणभरही राहता कामा नये, कारण जमिनीत पुरलेल्या देहाच्या डेंटिनमध्ये आणि हाडामध्ये मातीतलं स्ट्रॉन्शियम झिरपतं. मग आपण माणसाचं गाव शोधण्याऐवजी त्याच्या खड्ड्याचं गाव शोधत बसतो. स्ट्रॉन्शियम रासायनिक पद्धतीने वेगळं करून त्याचं ८७ आणि ८६ चं गुणोत्तर मोजतात.

हाडाचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही दिवस ठेवला की खनिज विरघळतं आणि मागे हाडाच्याच आकाराची, रबरासारखी वाकणारी प्रथिनाची चौकट उरते. तेच कोलॅजेन. ते गरम पाण्यात विरघळवून, गाळून, गोठवून सुकवतात. त्यातला अर्धा ते एक मिलिग्रॅम कथिलाच्या इवल्याशा पुडीत बांधून यंत्रात जाळतात. निघालेल्या वायूंतून मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे जड-हलके अणू वेगळे करून मोजणारं यंत्र, कार्बन आणि नायट्रोजन मोजतो. इथे एक अंक तुम्ही स्वतः तपासा: कोलॅजेनमधल्या कार्बन-नायट्रोजन अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ मध्ये हवं. बाहेर असेल तर कोलॅजेन खराब झालेलं आहे, पुढचे अंक वाचूच नका.

केस क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या मिश्रणात धुऊन तेल, शाम्पू, मळ काढतात आणि मुळापासून अर्धा किंवा एक सेंटिमीटरचे तुकडे करतात. केसातला काही हायड्रोजन भोवतालच्या दमटपणाशी अदलाबदल करतो. म्हणून ज्याचं मूल्य आधीच माहीत आहे असे प्रमाणित केस त्याच खोलीत, तितकाच वेळ नमुन्याशेजारी ठेवावे लागतात. पावसाळ्यात मुंबईत आणि हिवाळ्यात लखनौमध्ये मोजलेला हायड्रोजन याशिवाय एका पातळीवर येत नाही.

पायरी ५: कार्बन आणि नायट्रोजन म्हणजे ताट

ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊस ही एका प्रकारे प्रकाशसंश्लेषण करणारी पिकं. त्यांचं कार्बनचं डेल्टा मूल्य उणे १२-१३ च्या आसपास. तांदूळ, गहू, डाळी, भाज्या, फळं दुसऱ्या प्रकारची, उणे २६-२७ च्या आसपास. या दोन गटांत मोठी दरी आहे आणि मराठी वाचकाला ती समजायला सोपी आहे: सोलापूर-बीडची भाकरी एका काठावर, कोकणातला भात दुसऱ्या काठावर.

हाडाचं कोलॅजेन आहारापेक्षा सुमारे ५ ने वर असतं. म्हणजे फक्त भात-डाळ-गहू खाणाऱ्याचं मूल्य उणे २२ च्या जवळ येईल आणि फक्त ज्वारी-बाजरीवर राहणाऱ्याचं उणे ७.५ च्या जवळ. एखाद्याचं उणे १३ आलं, तर ढोबळ हिशेबाने आहारातला साठ टक्के भाग पहिल्या गटाचा. पण लगेच 'हा ज्वारी खाणारा' असं लिहू नका. साखर आणि गूळ उसाचे, म्हणून दिवसाला आठ गोड चहा पिणाऱ्याचा अंक वर सरकतो. म्हशीला ज्वारीचा कडबा घातला तर तिचं दूध, तूप, दहीही त्याच बाजूला जातं. मक्याच्या खाद्यावर वाढलेली कोंबडी तशीच. अमेरिकेत मका आणि मक्यावर पोसलेलं मांस इतकं आहे की अमेरिकी माणूस आणि तांदूळ खाणारा आग्नेय आशियातला माणूस यांत चांगला फरक दिसतो. युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या अवशेषांच्या छाननीत या फरकाचा उपयोग केला जातो.

नायट्रोजन अन्नसाखळीतली पायरी सांगतो. प्रत्येक पायरीला मूल्य ३ ते ५ ने वाढतं. शुद्ध शाकाहारी, तेही डाळींवर राहणारा, खाली असतो. मांस खाणारा त्याच्या वर आणि रोज समुद्राची मासळी खाणारा सर्वांत वर, कार्बनही थोडा चढलेला. केसाच्या मुळाकडच्या शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये नायट्रोजन अचानक वर गेलेला दिसला तर मासळीचा विचार नंतर करा. उपासमार झाली की शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं आणि नायट्रोजन चढतो. रस्त्यावर भटकत, उपाशी राहून मेलेल्या माणसाचे शेवटचे आठवडे अशा प्रकारे केसात राहतात. तपास अधिकाऱ्याला हे सांगितलंच पाहिजे, कारण मग चौकशी रुग्णालयं, निवारे आणि रेल्वे स्थानकांकडे वळते.

पायरी ६: ऑक्सिजन आणि हायड्रोजन म्हणजे पाणी

समुद्रावरून ढग आत येतात तेव्हा जड पाणी आधी पडतं. ढग जितका आत आणि जितका उंच जाईल, तितका पुढचा पाऊस हलका. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर पावसाच्या ऑक्सिजनचं मूल्य साधारण उणे १ ते उणे ३ असतं, तर हिमालयातून येणाऱ्या नद्यांचं पाणी बरंच खाली. पिण्याच्या पाण्यातून हे रक्तात आणि तिथून दातात, केसात येतं.

इनॅमलच्या फॉस्फेटवरून पाण्याचं मूल्य काढायला २००८ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक सूत्र सर्रास वापरतात: दाताचं मूल्य गुणिले १.५४ वजा ३३.७२. दातात १७.२ आलं तर पाणी उणे ७.२ च्या आसपास. प्रयोगशाळेने फॉस्फेटऐवजी इनॅमलमधलंच कार्बोनेट मोजलं असेल तर आधी ते फॉस्फेटमध्ये बदलून घ्यावं लागतं. ही दोन मूल्यं सरसकट मिसळली की गाव शेकडो किलोमीटर सरकतं.

नकाशा वाचताना लक्षात ठेवा, माणूस पाऊस पीत नाही, नळाचं पाणी पितो. मुंबईकर भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी पितो आणि ते पाणी सह्याद्रीच्या कुशीत पडलेलं असतं. मोठ्या उथळ जलाशयातून बाष्पीभवन होऊन उरलेलं पाणी जड होतं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावाचं पाणी तर तिसऱ्याच तालुक्यातलं. म्हणून तुलनेसाठी नळाच्या पाण्याचे आणि स्थानिक लोकांच्या केसांचे नमुने हवेत. अमेरिकेत हे काम करणाऱ्यांनी गावोगावच्या केशकर्तनालयांतून कापलेले केस आणि तिथलंच नळाचं पाणी गोळा केलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केसांतल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या फरकाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग भूगोलाशी जुळला. आपल्याकडेही हे अवघड नाही. जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मनावर घेतलं तर एका वर्षात महाराष्ट्राचा असा नकाशा उभा राहील आणि तो उभा राहावा अशी माझी फार इच्छा आहे.

पायरी ७: स्ट्रॉन्शियम म्हणजे पायाखालचा खडक

रुबिडियम-८७ अतिशय सावकाश विघटित होऊन स्ट्रॉन्शियम-८७ बनतं. जुन्या, रुबिडियम भरपूर असलेल्या खडकात ८७ चं प्रमाण वाढलेलं असतं, तरुण बेसॉल्टमध्ये कमी. खडकातून मातीत, मातीतून पिकात, पिकातून दातात जाताना हे गुणोत्तर जवळजवळ तसंच राहतं.

इथे महाराष्ट्राचं नशीब चांगलं आहे. राज्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या काळ्या कातळावर आहे आणि त्याचं गुणोत्तर बरंचसं ०.७०४ ते ०.७१० मध्ये येतं. समुद्राचं पाणी ०.७०९२. गंगेचं खोरं मात्र हिमालयाच्या प्राचीन खडकांच्या गाळाचं, तिथे ०.७२ आणि त्याहून वरचे अंक मिळतात. पण अपवाद ठाऊक हवेत. सह्याद्रीतल्या बुशे नावाच्या थराचं मूल्य बेसॉल्ट असूनही ०.७१३ च्या वर जातं. गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागात बेसॉल्ट नसून फार जुने स्फटिकी खडक आहेत. तेलंगण, झारखंडचा ग्रॅनाइट-नाइसही अंक वर नेतो. किनाऱ्यावर सागरी तुषार आणि जेवणातलं मीठ प्रत्येकाला ०.७०९२ कडे ओढतात. त्यात रेशनचा गहू पंजाबचा आणि तांदूळ छत्तीसगडचा. तरीही शरीरातलं स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या मागोमाग येतं, म्हणजे दूध, पालेभाज्या, नाचणी यांतून. या गोष्टी अजूनही बऱ्याच अंशी जवळपासच्या असतात, म्हणून पद्धत चालते.

जगात या पद्धतीची ताकद लोकांना कळली ती लंडनमध्ये. २१ सप्टेंबर २००१ रोजी थेम्स नदीत एका लहान मुलाचं धड सापडलं. शिर नाही, हातपाय नाहीत. पोलिसांनी त्याला 'ॲडम' म्हटलं. हाडांतल्या स्ट्रॉन्शियमसह इतर मूलद्रव्यांवरून माग पश्चिम आफ्रिकेतल्या प्राचीन खडकांपर्यंत आणि पुढे नायजेरियापर्यंत गेला.

पायरी ८: सगळे अंक एका कागदावर

आपल्या देशातलं उदाहरण अजनाल्याचं. पंजाबात अमृतसरजवळच्या या गावात २०१४ मध्ये एका जुन्या विहिरीतून मोठ्या संख्येने मानवी अवशेष निघाले. हे फाळणीच्या दंगलीतले की १८५७ चे, यावर वाद झाला. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीतून उठाव करून निघालेल्या २६व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांना मारून तिथे टाकल्याची नोंद खुद्द अमृतसरचा तेव्हाचा इंग्रज अधिकारी फ्रेडरिक कूपर याने करून ठेवली होती. पंजाब विद्यापीठाचे डॉ. जे. एस. सेहरावत आणि लखनौ, हैदराबादच्या संशोधकांनी ५० नमुन्यांचा मायटोकॉन्ड्रियल (आईकडून येणारा) डीएनए आणि ८५ नमुन्यांचे आयसोटोप तपासले. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे लोक पंजाबचे किंवा आजच्या पाकिस्तानातले नव्हते, ते गंगेच्या मैदानातले होते. त्या पलटणीत भरती उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडचीच होत असे. दोन वेगळ्या पद्धती आणि एक लेखी नोंद, तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या, म्हणून तो निष्कर्ष पक्का.

आता एक कल्पित प्रकरण घ्या. कल्याणजवळ रुळालगत अनोळखी पुरुष, वय तिशीच्या आसपास. अक्कलदाढेत स्ट्रॉन्शियम ०.७२२, ऑक्सिजनवरून पाणी उणे ७. बेसॉल्टवर तो वाढलेला नाही. तेलंगण की गंगेचं खोरं? पाणी इतकं हलकं असल्याने तेलंगण मागे पडतं. हाडाचा कार्बन उणे १९, म्हणजे भात-पोळीचं ताट, त्यात थोडी साखर आणि दूध. केस १२ सेंटिमीटर: टोकाकडचे चार सेंटिमीटर हलक्या पाण्याचे, मग दोन सेंटिमीटर चढ, मुळाकडचे सहा सेंटिमीटर कोकणच्या पाण्याशी जुळणारे. शरीराला नव्या पाण्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, ते धरून तो मृत्यूच्या सात-आठ महिने आधी इकडे आला असावा. आता तपास अधिकारी उत्तर प्रदेश-बिहारच्या पोलिसांकडे त्या अवधीत मुंबईकडे निघालेल्या आणि नंतर फोन बंद झालेल्या तरुणांच्या तक्रारी मागू शकतो. त्यांतून पाच-सात घरं निघाली तर डीएनए तिथे न्यायचा.

पायरी ९: अहवाल कसा लिहावा

'मयत बिहारचा आहे' असं कधीही लिहू नका. 'मिळालेली मूल्यं गंगेच्या मध्य मैदानाशी सुसंगत आहेत, दख्खनच्या बेसॉल्ट प्रदेशाशी विसंगत आहेत' असं लिहा. कोणते प्रदेश वगळता येतात, हे ठळक मांडा. वगळण्यात ही पद्धत सर्वांत बळकट असते. मोजमापातली चूक, वापरलेलं मानक, तुलनेचे नकाशे आणि कोणता नमुना आयुष्याच्या कोणत्या काळाचा, हे सगळं नोंदवा. ज्या भागाचे तुलनेचे नमुने नाहीत, त्यांची नावं लिहा. आणि निव्वळ या अहवालावर कुणाच्याही घरी 'तुमचा मुलगा सापडला' असा निरोप जाऊ देऊ नका. डीएनए जुळेपर्यंत त्या घराला आशाही द्यायची नाही आणि दुःखही.

पायरी १०: उरलेला नमुना

नॉर्वेत बर्गनजवळच्या इस्दालेन दरीत २९ नोव्हेंबर १९७० रोजी एका स्त्रीचा जळालेला देह सापडला. कपड्यांवरच्या खुणा काढून टाकलेल्या, नावं खोटी. १९७१ मध्ये तिला पुरलं, पण जबडा न्यायवैद्यक संग्रहात राहिला. २०१६ मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं आणि त्या दातांवरून कळलं की तिचा जन्म १९३० च्या सुमारास, चार वर्षं मागेपुढे, जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग परिसरात झाला असावा आणि लहानपणीच ती फ्रान्समध्ये किंवा फ्रान्स-जर्मनी सीमेजवळ गेली असावी. तिचं नाव अजून मिळालेलं नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते आता माहीत आहे.

म्हणून तपासणी झाल्यावर उरलेला अर्धा दात, केसांची उरलेली बट आणि हाडाचा तुकडा परत त्याच पाकिटात घाला. नवं सील, नवी तारीख, नवी सही. वर आकस्मिक मृत्यू नोंद क्रमांक ठळक अक्षरांत लिहा, शाई पुसणार नाही अशी वापरा आणि पाकीट कोरड्या कपाटात ठेवून कपाटाचा क्रमांक नोंदवहीत चढवा.